सहा टनी, तीन टनी, दोन टनी: एकाच हेडरवरचे बॉयलर एकत्र कसे चालवायचे

प्रश्न थोडक्यात असा आहे. तारापूर एमआयडीसीतलं कापड रंगवायचं प्रोसेस हाऊस. ६, ३ आणि २ टनी (तासाला तितके टन स्टीम देणारे) असे तीन बॉयलर, तिन्ही पीएनजीवर (पाइपने येणाऱ्या नैसर्गिक वायूवर), तिन्ही एकाच स्टीम हेडरला, म्हणजे स्टीम गोळा करून पुढे वाटणाऱ्या सामाईक पाइपला, जोडलेले. सहा टनी आणि तीन टनीचे बर्नर मॉड्युलेटिंग, म्हणजे आग सलग कमी-जास्त करणारे, साधारण एकास चार टर्नडाऊनचे (कमाल आगीच्या पाव भागापर्यंत उतरणारे). दोन टनी जुना, त्याचा बर्नर दोन टप्प्यांचा, हाय फायर आणि लो फायर. रात्री स्टीम लागते १.२ ते १.५ टन, दिवसा ४ ते ६.५, आणि सकाळी पाळी सुरू होऊन जेट मशिनं एकदम तापायला लागली की साडेसातच्या वर. प्रत्येक बॉयलर आपापल्या प्रेशर स्विचवर चालतो. परिणाम असा की सहा टनी रात्रभर चालू-बंद होतो आणि सकाळी हेडरचं प्रेशर साडेआठ किलोवरून (दर चौरस सेंटिमीटरला) सहावर येतं. आता पॅनलवाला म्हणतो, पीएलसी (प्रोग्रॅम करता येणारा कंट्रोलर) बसवू, तिन्ही बर्नरना एकच टक्केवारी देऊ, तिन्ही ५० टक्क्यांच्या आसपास राहतील आणि एफिशियन्सी उत्तम मिळेल. घ्यावं का?

पीएलसी घ्या. पण हे लॉजिक घेऊ नका. तीन वेगळ्या मापाच्या बॉयलरांत पैसा वाचतो तो लोड कसा वाटला यावर कमी आणि कोणता बॉयलर बंद ठेवला यावर जास्त. बंद कोण, हे आधी ठरवा. चालू असलेल्यांत वाटणी कशी करायची तो नंतरचा विषय, आणि खरं तर सोपा.

सुरुवात नेमप्लेटपासून करू. ‘६ टीपीएच, एफ अँड ए १००’ याचा अर्थ १०० अंशांचं पाणी घालून १०० अंशांची स्टीम काढली तर तासाला ६ टन. तिथे किलोमागे ५४० किलोकॅलरी लागतात. तुमच्याकडे पाणी ६० अंशांचं आणि स्टीम साडेआठ किलो प्रेशरची, म्हणजे किलोमागे साधारण ६०३. त्यामुळे सहा टनीतून प्रत्यक्षात सुमारे ५.३५ टन मिळतात, तीन टनीतून २.७, दोन टनीतून १.८. एकूण ११ नव्हे, ९.८५. कागदावर ११ धरून केलेलं लॉजिक सकाळच्या पीकला नेमकं फसतं.

दुसरा आकडा किमान लोडचा. एकास चार टर्नडाऊन म्हणजे सहा टनीचा बर्नर १.३५ टनांच्या खाली जाऊ शकत नाही, तीन टनीचा ०.७ च्या खाली नाही. दोन टनीला दोनच पायऱ्या: ०.९ किंवा १.८. आता सगळ्या जोड्या मांडून बघा.

३ टनी एकटा: ०.७ ते २.७ टन
२ टनी एकटा: ०.९ ते १.८
३ + २: १.६ ते ४.५
६ टनी एकटा: १.३५ ते ५.३५
६ + २: २.२५ ते ७.१५
६ + ३: २.०५ ते ८.०५
तिन्ही: २.९५ ते ९.८५

हा तक्ता कुठल्याही पीएलसी प्रोग्रॅमच्या आधी हवा, आणि माझ्या अनुभवात तो बहुतेक ठिकाणी कुणीच केलेला नसतो. तिन्ही एकत्र चालवले तर किमान लोड २.९५ टन. रात्री तुम्हाला १.३ हवी. म्हणजे पॅनलवाल्याच्या योजनेत तिन्ही बर्नर रात्रभर पेटत-विझत राहणार. आज एक बॉयलर सायकल होतो, उद्या तीन होतील.

‘५० टक्के’ या शब्दातही एक गोम आहे. बर्नरला पीएलसीकडून जाणारा सिग्नल ० ते १०० टक्के असतो, पण ० टक्के म्हणजे बर्नर बंद नव्हे, तो लो फायर. सहा टनीला ५० टक्के सिग्नल दिलात की तो १.३५ अधिक उरलेल्या ४ टनांचा निम्मा, म्हणजे ३.३५ टनांवर जातो. ते त्याच्या क्षमतेच्या ६२ टक्के झाले. तीन टनी १.७ वर जाईल. आणि दोन टनीला ‘५०’ कळतच नाही. त्याला हाय कळतं, लो कळतं. तेव्हा प्रोग्रॅमरला स्पष्ट सांगा की आतला सगळा हिशेब टनांत हवा. प्रत्येक बॉयलरचं किमान आणि कमाल टनेज टेबलात भरायचं, मास्टर, म्हणजे पीएलसीतला मुख्य कंट्रोल, किती टन हवेत ते ठरवेल आणि शेवटी त्याचं टक्क्यांत रूपांतर त्या-त्या बर्नरच्या पट्ट्यानुसार होईल. टक्क्यांची बेरीज चालते ती फक्त एकसारख्या बॉयलरांत.

आता एफिशियन्सी. ‘बॉयलर ६५ ते ८५ टक्के लोडवर सर्वात चांगला चालतो’ हे वाक्य ऊर्जा ऑडिटच्या प्रत्येक अहवालात असतं आणि ते चूक नाही. लोड कमी झाला की फ्ल्यू गॅसचं (चिमणीत जाणाऱ्या धुराचं) तापमान उतरतं आणि फायदा होतो. फार कमी झाला की जादा हवा वाढते आणि अंगावरून होणारा तोटा टक्केवारीत फुगतो. पण हे एका बॉयलरपुरतं झालं. तीन बॉयलर असताना प्रत्येक गरम बॉयलरचा उभा खर्च मोजावा लागतो. शेलमधून, पुढच्या-मागच्या दारांतून, उघड्या व्हॉल्व्हांवरून जाणारी उष्णता लोडवर अवलंबून नसते. बॉयलर ३० टक्क्यांवर चालो की ९० वर, प्रेशरमध्ये आहे तोवर ती जातच राहते. लॅगिंग (उष्णता अडवणारं आवरण) ठीकठाक असलेल्या जुन्या फायर ट्यूब (गरम धूर ट्यूबमधून जाणाऱ्या) बॉयलरला मी हिशेबात पूर्ण क्षमतेच्या दीड टक्का धरतो. तुमचा नवा असेल तर कमी धरा.

तीन टनीचं बघू. ३ टन गुणिले ५४० म्हणजे तासाला १६.२ लाख किलोकॅलरी. दीड टक्का म्हणजे सुमारे २४,३००. पीएनजीच्या एका घनमीटरमधून स्टीममध्ये प्रत्यक्ष जाणारी उष्णता साधारण ७,६०० ते ७,७०० किलोकॅलरी धरली, तर हा खर्च तासाला ३.२ घनमीटर गॅस होतो. स्टीमचा एक किलोही न देता.

याच मापाने तुमच्या तीन परिस्थिती तपासू. टनामागे साधारण ७८ घनमीटर गॅस धरला आहे.

रात्री १.३ टन. तीन टनी एकटा चालला तर तो ४८ टक्क्यांवर निवांत बसतो. तिन्ही गरम ठेवले तर उभा खर्च तासाला ११.७ घनमीटर, म्हणजे एकट्या तीन टनीपेक्षा ८.५ घनमीटर जास्त. त्या वेळचा एकूण गॅस सुमारे १०० घनमीटर. आठ टक्क्यांच्या वर फरक पडला, आणि यात सायकलिंग अजून धरलेलंच नाही.

दुपारी ४ टन. सहा टनी एकटा ७५ टक्क्यांवर. तिन्ही चालवले तर सगळे ४० टक्क्यांच्या आसपास. तिथे फ्ल्यू गॅस थंड होऊन जे मिळतं ते लो फायरला धुरात वाढणारा ऑक्सिजन, म्हणजे जादा हवा, खाऊन टाकतो, आणि वर जादा दोन बॉयलरांचा उभा खर्च ५.३ घनमीटर. एकूण ३१२ घनमीटरात पावणेदोन टक्के तोटा.

दिवसाच्या वरच्या टोकाला ६.५ टन. सहा आणि तीन मिळून ८१ टक्क्यांवर. तिन्ही मिळून ६६ टक्क्यांवर. इथे पॅनलवाल्याच्या बाजूने बोललं पाहिजे. दोन टनी जोडल्याचा उभा खर्च तासाला दोन घनमीटरच्या जरा वर, आणि बाकी दोघांचं फ्ल्यू तापमान आठ-दहा अंशांनी उतरल्याचा फायदाही तेवढाच, कारण फ्ल्यू तापमान २२ अंशांनी उतरलं की एक टक्का गॅस वाचतो हा ढोबळ नियम लागू पडतो. बरोबरी झाली. अशा ठिकाणी गॅसचा विचार सोडा आणि प्रेशर कुठल्या मांडणीत जास्त स्थिर राहतं ते बघा.

थोडक्यात, लोड जितका कमी तितकी ‘सगळे मिळून’ ही कल्पना महाग पडते. कंडेन्सिंग हॉट वॉटर बॉयलरांमध्ये उलटं असतं. तिथे परतीचं पाणी थंड असतं, त्यामुळे सगळे मिळून लो फायरवर चालवले की धुरातली वाफ द्रव होते आणि तिची सुप्त उष्णता परत मिळते. थंड देशांतल्या इमारतींच्या हीटिंगसाठी लिहिलेली ही शिफारस आपल्याकडे स्टीम बॉयलरला जशीच्या तशी चिकटवली जाते. १७७ अंशांचं पाणी असलेल्या बॉयलरच्या फ्ल्यू गॅसमध्ये काही कंडेन्स होणार नाही, आणि झालंच तर चिमणी आणि ट्यूब सडतील.

सायकलिंगबद्दल एक गैरसमज काढतो. प्रत्येक स्टार्टला प्री-पर्ज होतो, म्हणजे पेटण्याआधी आत उरलेला गॅस हवेने बाहेर काढला जातो, पंखा पूर्ण हवेने गरम ट्यूब थंड करतो, आणि लोक म्हणतात यातच सगळा गॅस जातो. हिशेब करा. सहा टनीच्या पंख्याची पूर्ण हवा तासाला ५,००० घनमीटरच्या घरात. एक मिनिटाच्या पर्जमध्ये ऐंशी-पंच्याऐंशी घनमीटर हवा सव्वाशे-दीडशे अंशांपर्यंत तापून बाहेर जाते. त्यात तीनेक हजार किलोकॅलरी, म्हणजे अर्ध्या घनमीटरलाही कमी. तासाला दहा स्टार्ट झाले तर चार घनमीटर. नुकसान आहे, पण बिल दुप्पट करणारं नाही. खरी किंमत दुसरीकडे मोजावी लागते. ट्यूबची टोकं ट्यूब प्लेटमध्ये ढिली होतात, इग्निशन ट्रान्सफॉर्मर आणि गॅस व्हॉल्व्ह झिजतात, आणि प्रत्येक बंद-चालूत प्रेशर झोपतं. कापडाची शेड (रंगछटा) बदलली म्हणून डाइंग मास्तर जेव्हा बॉयलर हाऊसकडे बोट दाखवतो, तेव्हा बऱ्याचदा तो चुकीचा नसतो.

तर तुमच्या प्लँटसाठी माझी मांडणी अशी.

रात्री आणि सुट्टीला तीन टनी एकटा. सहा टनी बंद, पण कोमट. दिवसा सहा टनी एकटा, ४.८ टनांपर्यंत. त्यावर सहा आणि तीन मिळून, ८ टनांपर्यंत. दोन टनी राखीव. एखादा मोठा बॉयलर बंद पडला किंवा तपासणीला उघडला तर तो येईल, आणि एरवी अटेंडंटने हाताने परवानगी दिली तरच. तीन अधिक दोन ही जोडी ४.५ टनांपर्यंत जाते, म्हणजे सहा टनी वार्षिक तपासणीसाठी उघडला तरी कारखाना कसाबसा चालतो. त्यामुळे दोन टनी भंगारात काढायचा कुणी आग्रह धरला तर मुळीच ऐकू नका.

जोडण्याचा आणि काढण्याचा नियम वेगवेगळा ठेवा. सहा टनी ४.८ च्या वर सलग तीन मिनिटं आहे आणि हेडर प्रेशर अजूनही उतरतंय, तर तीन टनी बोलवा. काढताना मात्र प्रेशर बघू नका. प्रेशर सेट पॉइंटवर आहे एवढ्यावर बॉयलर काढला तर दहा मिनिटांत तो परत लागतो. एकूण लोड ४ टनांच्या खाली सलग वीस मिनिटं राहिला, म्हणजे उरलेला सहा टनी ७५ टक्क्यांवर एकटा निभावू शकतो अशी खात्री झाली, तरच काढा. रात्रीची अदलाबदल साधारण २.४ टनांच्या आसपास करायची, आणि तक्त्यात बघा, सहा अधिक तीनचं किमान २.०५ आहे. म्हणजे दोन्ही बॉयलर काही वेळ एकत्र लाइनवर राहूनही कुणी सायकल होत नाही. हे जुळलं नसतं तर अदलाबदलीच्या वेळी रोज प्रेशर उसळलं असतं.

समान तास चालवायचं ‘लीड-लॅग रोटेशन’, म्हणजे आधी कोण चालणार आणि मागून कोण याची आळीपाळी, पॅनलवाले फुकट देतात. ते बंद करून ठेवा. एकसारखे बॉयलर असतील तर झीज समान वाटण्यासाठी ते ठीक आहे. इथे लीड कोण हे लोड ठरवतो, कॅलेंडर नाही.

सहा आणि तीन एकत्र चालताना बदल कुणी झेलायचे? पाठ्यपुस्तकी उत्तर: मोठा बेस लोडवर स्थिर, छोटा वर-खाली. लोड शांत असेल, एखादी डेअरी किंवा केमिकल प्लँट, तर मीही तेच करेन. पण प्रोसेस हाऊसमध्ये दोन जेट एकदम हीटिंगला गेले की मिनिटाभरात टन-दीड टन मागणी चढते. तीन टनीची हालचाल करण्याची जागाच २ टनांची, ती लगेच संपते. म्हणून इथे तीन टनीला २.२ टनांवर स्थिर ठेवा आणि सहा टनीला १.३५ ते ५.३५ मध्ये खेळू द्या. एकूण पट्टा ३.५५ ते ७.५५ मिळतो, आणि सहा टनीत पाणी जास्त असल्याने प्रेशर उतरताना त्यातून जी फ्लॅश स्टीम निघते तीही मदतीला येते. ७.५५ च्या वर गेलं तर मग तीन टनीलाही वर ढकला. दोन टनी लाइनवर आला की तो कायम हाय फायरवर. दोन टप्प्यांच्या बर्नरला कधीही स्विंग करायला, म्हणजे लोडबरोबर वर-खाली व्हायला, लावू नका.

स्विंग एकच असावा, याचं दुसरं कारण कंट्रोलमध्ये आहे. प्रत्येक बॉयलरवर स्वतःचा पीआयडी (प्रेशर बघून आग ठरवणारा कंट्रोल) चालू असेल आणि तिघेही एकाच हेडरचं प्रेशर सांभाळत असतील, तर ते एकमेकांशी भांडतात. एकाच्या प्रेशर मोजणाऱ्या ट्रान्समीटरला अर्धा-पाव किलोचा फरक असला की तो हळूहळू १०० टक्क्यांवर जातो आणि दुसरा लो फायरवर जाऊन बसतो. म्हणून प्रेशर ट्रान्समीटर एक, तो हेडरवर. इंटिग्रल, म्हणजे साचत गेलेला फरक भरून काढणारा पीआयडीचा भाग, फक्त मास्टरमध्ये. बर्नर फक्त मिळालेला हुकूम पाळतात.

इथे तुमच्याकडे आत्ताच एक अडचण असणार असं वाटतं. जुन्या दोन टनीचा स्वतःचा कट-ऑफ (बर्नर बंद होण्याचा दाब) बहुधा ८.७ किंवा ८.८ ला असेल. हेडरवर साडेआठ राखायचे, बॉयलरपासून हेडरपर्यंत ०.२ ते ०.३ किलोचा ड्रॉप, म्हणजे हाय फायरवर बॉयलरच्या आत ८.८ असणारच. मास्टर ओरडतोय ‘चालू ठेव’ आणि बॉयलर आपल्या स्विचवर बंद होतोय. मग दोन टनीचं प्रेशर हेडरपेक्षा खाली येतं, त्याचा नॉन-रिटर्न (स्टीम उलटी येऊ न देणारा) व्हॉल्व्ह बंद होतो, पुन्हा पेटला की उघडतो. कान देऊन ऐका, त्या व्हॉल्व्हची चकती ठक-ठक वाजत असेल. उपाय सोपा आहे: हेडर सेट पॉइंट ८.५, प्रत्येक बॉयलरचा स्वतःचा कट-ऑफ ९.६ च्या आसपास, हाताने रिसेट करायची हाय लिमिट १०, आणि त्याच्यावर सेफ्टी व्हॉल्व्ह. हे १०.५४ किलो डिझाइनच्या बॉयलरांसाठी झालं. दोन टनीचा प्रमाणपत्रावरचा कमाल दाब वयामुळे कमी केला असेल तर संपूर्ण हेडरची मर्यादा तीच, आणि सगळी शिडी तिथून खाली उतरवावी लागेल. प्रमाणपत्र काढून आधी तेच वाचा.

नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह प्रत्येक बॉयलरला हवाच. नसेल तर बंद असलेला बॉयलर हेडरची स्टीम ओढून पाण्याने भरत जातो, आणि आतमध्ये माणूस तपासणीला उतरला असताना काय होईल ते सांगायला नको. त्या वेळी दोन व्हॉल्व्ह, मधला ड्रेन उघडा आणि कुलूप, याला पर्याय नाही.

सकाळचं प्रेशर सहावर येतं त्याचं मूळ बर्नरमध्ये असेलच असं नाही. बॉयलरला पाणी देणारे फीड पंप बघा. तिन्ही पंप ऑन-ऑफ असतील तर हा प्रयोग करा: दोन टनीचा पंप लागला की त्याच क्षणी त्याच्या प्रेशर गेजकडे बघा. काटा सरकताना दिसेल. पंप तासाला अडीच टनांच्या वेगाने ६० अंशांचं पाणी आत ढकलतो, ते १७७ पर्यंत तापवायला सुमारे २.९ लाख किलोकॅलरी लागतात, आणि बर्नरची एकूण ताकद १०.८ लाख. म्हणजे पंप चालू असेपर्यंत त्या बॉयलरची स्टीम पाव भागाहून जास्त घटते. तिन्ही पंप योगायोगाने एकदम लागले की हेडर झोपतं, पीएलसीला वाटतं लोड वाढला आणि तो उगाच पुढचा बॉयलर पेटवतो. सहा आणि तीन टनीला मॉड्युलेटिंग फीड व्हॉल्व्ह बसवा. पैसे एकाच कामाला असतील तर मी पीएलसीच्या आधी हे करेन.

कंडेन्सेट (वापरलेल्या स्टीमचं झालेलं गरम पाणी) परत आणून फीड टँक ६० वरून ८५ अंशांवर नेता आला तर आणखी चांगलं. सहा अंशांना एक टक्का गॅस, म्हणजे चार टक्के तिथेच वाचले, आणि सहा टनीची प्रत्यक्ष क्षमता ५.३५ वरून ५.५५ च्या पुढे जाते. फक्त टँक पंपाच्या पुरेसा वर हवा. नाहीतर गरम पाण्यावर पंप कॅव्हिटेट होऊन, म्हणजे आत वाफेचे बुडबुडे होऊन, खडे भरल्यासारखा वाजतो आणि लेव्हल जाते.

प्रेशर सहावर आल्याचा आणखी एक तोटा म्हणजे स्टीम फुगते. साडेआठ किलोच्या आसपास असलेल्या एक टन स्टीमला जेवढी जागा लागते, त्याच्या सव्वापटीहून जास्त सहाला लागते. तीच पाइप, तोच लोड, वेग वाढतो आणि ड्रममधलं पाणी स्टीमबरोबर निघून येतं. मग वॉटर लेव्हल उसळते, लो लेव्हलला बॉयलर ट्रिप होतो, उरलेल्यांवर भार पडतो आणि एकापाठोपाठ एक सगळे बसतात. हे घडताना पाहिलं असेल तर ज्या बॉयलरने पहिला ट्रिप घेतला तो दोषी नव्हे.

कोमट ठेवण्याचं सांगतो, कारण पूर्ण थंड आणि पूर्ण गरम या दोन्हींच्या मधली ही जागा लोक वापरत नाहीत. थंड शेल बॉयलर घाईने पेटवला की ट्यूब प्लेट आणि फर्नेस वेगवेगळ्या गतीने फुगतात. उत्पादकाने दिलेला वेळ तासांत असतो, तो पाळावा लागतो. रोज थंड करून रोज पेटवणं म्हणजे ट्यूब लीक विकत घेणं. म्हणून बॉयलरच्या तळाशी स्टीम कॉइल घालून हेडरच्याच थोड्या स्टीमवर त्याला ३ किलोच्या आसपास ठेवा. कॉइल नसेल तर बर्नरला अधूनमधून लो फायरवर चालू द्या, पण त्याचा प्रेशर पट्टा रुंद ठेवा, म्हणजे स्टार्ट कमी होतील. चिमणीकडचा डँपर (धुराच्या वाटेतली झडप) मात्र बंद हवा. उघडा राहिला तर चिमणीचा ओढा रात्रभर थंड हवा ट्यूबमधून खेचतो आणि कॉइलची सगळी मेहनत आकाशात जाते. डँपरला लिमिट स्विच लावा आणि तो पूर्ण उघडल्याशिवाय पर्ज सुरू होणार नाही असं इंटरलॉक घ्या. तिन्ही बॉयलर एकाच चिमणीला असतील तर याबाबत अजिबात तडजोड नको.

तीन किलोवरून साडेआठवर यायला किती वेळ? तीन टनीत सहा-साडेसहा टन पाणी धरा, १४३ वरून १७७ अंश, म्हणजे सव्वादोन लाख किलोकॅलरी. लो फायरवर अर्धा तास, मध्यम फायरवर पंधरा-वीस मिनिटं. सकाळी पीक आल्यावर बोलावलेला बॉयलर पीक ओसरताना पोहोचतो. म्हणून पाळीच्या वेळेआधी पाऊण तास घड्याळावरून प्री-स्टार्ट ठेवा, प्रेशरची वाट बघू नका. आणि डाइंग मास्तरांशी बोलून जेट दहा-दहा मिनिटांच्या अंतराने हीटिंगला लावून घ्या. याला एक रुपया लागत नाही. लागतो तो संयम, कारण पहिला आठवडा कुणी ऐकत नाही.

पीएलसी बंद पडला तर? प्रत्येक बॉयलर आपोआप स्वतःच्या प्रेशर कंट्रोलवर यावा, आणि त्या वेळच्या सेटिंग्जमध्ये थोडं अंतर असावं: सहा टनी ८.५ वर, तीन टनी ८ वर, दोन टनी साडेसातवर. लो वॉटर, फ्लेम फेल, हाय प्रेशर हे ट्रिप थेट वायरने बर्नर कंट्रोलरला जातात. ते पीएलसीच्या प्रोग्रॅममधून फिरवून आणायला कुणी सांगितलं तर काम थांबवा.

कमिशनिंगच्या (नवी यंत्रणा चालू करण्याच्या) आधी तिन्ही बर्नर अॅनालायझर लावून ट्यून करून घ्या, लो, मिड आणि हाय तिन्ही ठिकाणी. हायला ऑक्सिजन ३ टक्क्यांच्या आसपास आणि कार्बन मोनॉक्साइड नगण्य. लोला ५ ते ६ ला समाधान माना. तिथे ३ साठी हट्ट धरला तर फ्लेम जाते. ट्यूनिंग नसेल तर माझे वरचे सगळे आकडे तुमच्याकडे लागू पडणार नाहीत.

तुमच्या बॉयलरांत पुढे-मागे ब्रिकेटवरचा एखादा आला तर क्रम बदलेल. घन इंधनाचा बॉयलर सुस्त असतो, पंखा कमी केला तरी ग्रेटवरचं इंधन जळत राहतं. त्याला बेस लोडवर सोडायचा आणि गॅसवाल्याला स्विंगवर. तिथे एफिशियन्सीचे एक-दोन टक्के गौण होतात, टनामागे इंधनाचा खर्च हाच निर्णय.

मोजणीशिवाय यातलं काहीच सिद्ध होणार नाही. प्रत्येक बर्नरला वेगळा गॅस मीटर, प्रेशर-तापमान दुरुस्तीसह, आणि फीड लाइनला वॉटर मीटर. अटेंडंटच्या लॉगबुकात दर तासाला दोन्हींचं रीडिंग आणि स्टार्टची संख्या. घनमीटरला १२.५ ते १३ किलो स्टीम मिळत असेल तर ठीक. रात्री ११ दिसत असेल तर कुठलातरी बॉयलर उगाच गरम आहे. पॅनलची ऑर्डर देण्याआधी दोन आठवडे हे लिहून काढा. मी वर दिलेले ४.८, ४ आणि २.४ हे उंबरठे तुमच्या सांगितलेल्या लोडवरून काढलेत; खरे उंबरठे त्या लॉगबुकातून येतील.

दोन टनी महिनोन्महिने उभा राहणार असेल तर अर्धवट पाणी भरून सोडू नका, वॉटर लाइनवर ऑक्सिजनने खड्डे पडतात. आठवड्या-दोन आठवड्यांसाठी सल्फाइट घातलेल्या पाण्याने काठोकाठ भरा, त्याहून जास्त काळासाठी पूर्ण कोरडा करून आत सिलिका जेलचे ट्रे ठेवा. आणि हेडरमध्ये नवीन तोटी काढायची, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह घालायचा किंवा स्टीम लाइन बदलायची, तर आधी ड्रॉइंग बाष्पके संचालनालयाकडे मंजुरीला पाठवा आणि काम प्रमाणपत्रधारक वेल्डरकडूनच करून घ्या. १९२३ च्या जागी २०२५ चा बॉयलर कायदा आला असला तरी यातून सुटका झालेली नाही. त्यामुळे पॅनलवाल्याने सहा आठवड्यांत काम संपवायचं म्हटलं असेल तर पाइपिंगचा वेळ त्यात धरला आहे का, ते आजच विचारून घ्या.